परसातले साहित्य

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत सभासद व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथसंस्थेने मराठीच्या अध्यापकाला बोलावले, की तो साहित्यावर बोलणार हे श्रोत्यांनी धरूनच चाललेले असते. मीही साहित्यावरच बोलणार आहे. मात्र या शब्दाचा जो अर्थ आपल्या घरात रोज वापरला जातो, तो मी आज घेतला आहे. पूजेचे साहित्य, स्वयंपाकाचे साहित्य, मांडवाचे साहित्य असे आपण सहज म्हणतो. नारळाची झावळी, पोफळीची पोय, बांबूची कामटी, कुंभाराची माती, रानातली फळे आणि बिया हे सारे परसातले साहित्य आहे. ते घेऊन एका मोठ्या माणसाने आणि एका मुलाने शेजारी बसावे आणि घरासाठी किंवा बागेसाठी काही वस्तू करावी, एवढाच माझा आजचा विषय. ‘सहित’ असण्याचा भाव तो साहित्य, अशी या शब्दाची फोड आपले पूर्वसूरी करतात. शब्द आणि अर्थ यांचे सहितत्व त्यांना अभिप्रेत होते. आजोबा आणि नात यांचे सहितत्वही त्यात सामावावे, असे मला वाटते.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. फावल्या वेळात मुलांना गुंतवून ठेवण्याची एक युक्ती, एवढेच त्याचे मोल कुणी करील. माझे म्हणणे याहून थोडे गंभीर आहे. ज्या वस्तू मुलांच्या हातांतून जात नाहीत, त्यांचे शब्द मुलांच्या तोंडी टिकत नाहीत. आणि ज्यांच्या तोंडी शब्द नाहीत, ती मुले उद्या या वाचनालयातली पुस्तके उघडतील तेव्हा निम्मी पाने त्यांना मुकी भासतील. म्हणून हा प्रश्न करमणुकीइतकाच भाषेचा आहे, आणि ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तो मांडणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

आपल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत याचे सर्वांत मोठे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ते दरवर्षी भाद्रपदात आपल्या डोक्यावर टांगलेले असते. मी माटोळीबद्दल बोलतो आहे. गणपतीच्या मूर्तीवर दोरांनी टांगलेली ती लाकडी चौकट आणि तिला बांधलेली फळे, फुले, कंद व वेली. तेरेखोलच्या पलीकडे सिंधुदुर्गात हिलाच माटवी म्हणतात. ‘माटव’ म्हणजे मांडव. त्या माटवाशी नाते सांगणारी ही लहानशी, लाडकी माटोळी. नारळांची पेंड, सुपारीचा घोस, केळी, तोरिंजण, आंबाडे, काकडी, चिबूड ही परसातली आणि कुळागरातली फळे तिच्यात असतातच. पण तिचा खरा दिमाख रानातल्या वस्तूंनी येतो. लालभडक कवंडळे, कांगण्यांचे घोस, हलवल्या की खुळखुळणाऱ्या घागऱ्या, शेरवडाची पांढरी पाने, माट्टीची फळे, कळलावीची ज्वाळेसारखी फुले. नावे गावागणिक थोडी बदलतात; वाड्यावरची आजी सांगेल ते नाव खरे.

माटोळी बांधणे हा एका माणसाचा उद्योग नव्हे. कुणी चौकट धुतो, कुणी केवणीच्या सालीचे किंवा सुंभाचे दोर काढतो, कुणी स्टुलावर चढतो, आणि मूल खाली उभे राहून एकेक वस्तू वर देत असते. त्या तासाभरात त्याला जे मिळते त्याची यादी करून पाहावी. कुठला वेल डोंगराच्या कुठल्या अंगाला होतो, कुठले फळ चवथीच्या सुमारास रंगते, कोणते जड म्हणून मधोमध बांधायचे, हलके कडेला का, ओल्या सालीची गाठ सुकल्यावर घट्ट कशी होते. वनस्पतिशास्त्र, तोल, सौंदर्यदृष्टी आणि शब्दसंग्रह, असे चार विषय एका गाठीत बांधले जातात आणि वही उघडावी लागत नाही. आपल्याकडची मुले घरात जी भाषा बोलतात तिच्यात मराठी आणि कोकणी यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. माटोळीखाली उभे असताना ते धागे वेगळे करण्याची गरज कुणाला भासत नाही. तिथे हवा असतो तो नेमका शब्द, आणि तो ज्याच्यापाशी असेल तो गुरू.

आता महाविद्यालयातला एक अनुभव सांगतो. वर्गात ग्रामीण कथा शिकवताना ‘हीर’ हा शब्द आला. पदवीच्या वर्गातली हुशार मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. हीर म्हणजे नारळाच्या पातीच्या मधला ताठ कणा, असे मी सांगणार, एवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी न बोलणारी एक मुलगी उठली. तिने तोंडाने काही सांगितले नाही. डाव्या हाताच्या चिमटीत काल्पनिक पात धरली आणि उजव्या हाताने ती वरपासून खालपर्यंत सोलून दाखवली. मग म्हणाली, “सर, आमच्या घरी केरसुणी घरातच होते.” शब्दाआधी तिच्या हाताला अर्थ आठवला होता. कोश पाहून पाठ केलेला अर्थ आणि हातातून आलेला अर्थ यांतला फरक त्या दिवशी साऱ्या वर्गाला कळला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. शेत, घर, स्वयंपाक, कारागिरी यांतले शब्द त्यात ठिकठिकाणी भेटतात. कोशाने ते जपले हे आपले भाग्य. पण कोशात शब्द सुरक्षित राहतो. जिवंत राहण्यासाठी त्याला घरच लागते.

हे विचार माझे एकट्याचे नाहीत. जर्मनीत फ्रोबेल याने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिला मुलांची बाग या अर्थाचे नाव दिले. तेच ‘किंडरगार्टन’ आज आपल्याकडे बागेशिवाय नांदते आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा व्हावा असा विचार मांडला आणि त्यातून नयी तालीम आकाराला आली. मला सर्वांत जवळचे वाटते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची साधने महाग; खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांतून साधने उभी केली. मोठा-लहान, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे मुलांनी आजूबाजूच्या वस्तूंवरून शिकावे, अशी ती योजना होती. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. दारिद्र्यावरचा तो नुसता तोडगा नव्हता. मुलाच्या ओळखीचे जग हेच त्याचे पहिले पाठ्यपुस्तक, ही त्यामागची श्रद्धा होती.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो; केवळ तत्त्वाने केरसुणी होत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलापासून आरंभ करायचा तर नारळाची करवंटी घ्यावी. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यांतला एक मऊ असतो, हे मुलाला बोट लावून शोधू द्यावे. नारळाचा कोंब त्याच वाटेने बाहेर येतो, हे सांगितले की त्याचे डोळे विस्फारतात. खोबरे काढून झाल्यावर डोळ्यांकडची अर्धी करवंटी बागेसाठी ठेवावी. मऊ डोळा टोचून मोकळा केला, की पाणी निथळण्याचे भोक आयतेच तयार. तळाशी सोडणाचा थोडा काथ्या, वर माती आणि कुजलेले शेणखत, आणि त्यात तांबड्या भाजीचे किंवा मिरचीचे बी. रोप हाताएवढे झाले की करवंटी फोडून ते मातीच्या गोळ्यासकट वाफ्यात लावावे. फोडलेल्या तुकड्यांनी चूल पेटते. एका वस्तूचा एवढा प्रवास मूल स्वतः पाहते तेव्हा ‘वाया जाणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ त्याला निराळा सांगावा लागत नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी झावळी. गोव्यात जिला आपण चुडत म्हणतो, तिच्या मधल्या दांड्याचे उभे दोन भाग करायचे, ते पाण्यात भिजत ठेवायचे आणि मग एक पात वर, एक पात खाली अशी वीण घालत जायचे. हे मल्ल, म्हणजे झाप, पूर्वी पावसाळ्यात घराच्या भिंतींना झोडपणीपासून वाचवीत. आज त्यांचा उपयोग रोपवाटिकेवर सावली धरायला, लाकडे झाकायला, खताच्या खड्ड्याला आडोसा करायला होतो. पहिल्या झापाची वीण वाकडी जाते, जाऊ द्यावी. कितव्या ओळीत चूक झाली ते मुलाला मागे मोजत जाऊन शोधू द्यावे. आपण हातातून काढून घेऊन नीट करून दिली तर झाप सरळ होईल आणि शिकवण वाकडी.

पावसाळ्याच्या तोंडाशी वेलांचा मांडव घालणे हे साऱ्या घराचे काम. बांबू पिकलेला, निदान तीन वर्षांचा असावा. कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो. चार खांब, आडवे दांडे आणि सुंभाच्या गाठी. त्याखाली दोडकी, पडवळ, काकडी. मग रोज सकाळी दोडक्याचा तणावा पाहायला मुलाला न्यावे. तणावा आधाराला स्पर्श करतो, त्याला वेढा घालतो आणि मग स्वतःच मळसूत्रासारखा गुंडाळत वेलाला जवळ ओढतो. नीट पाहिले तर तो मध्यावर फिरकी बदलतो; अर्धे वळसे एका दिशेने, अर्धे दुसऱ्या. चार्ल्स डार्विनने वेलींच्या हालचालींवर १८६५ साली जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात हे निरीक्षण नोंदवलेले आहे. जे पाहायला डार्विन झुडपाशी तासन्‌तास बसला, ते आपल्या मांडवाखाली फुकट दिसते. ते पाहायला शिकवणारा कुणीतरी शेजारी हवा, इतकेच.

दिवाळीच्या आधी कामट्यांचा आकाशकंदील, तुळशीच्या लग्नाला ऊस, दिंडा, चिंच आणि आवळा, सणाच्या पानासाठी फणसाच्या पानांची हिराने टाचलेली पत्रावळ, असे हे वर्षाचे वेळापत्रक आपल्या पंचांगात आयते आखलेले आहे. डिचोली तर कुंभारकामासाठी ओळखली जाते. मुलाला एकदा चाकासमोर उभे करावे. मातीतले खडे का वेचतात, भांडे सावलीत का सुकवतात, घाईने उन्हात ठेवले तर ते का तडकते, हे पाहिल्यावर ‘भाजल्याशिवाय मडके पक्के होत नाही’ हे वाक्य त्याच्यासाठी नुसता सुविचार राहणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, नाहीतर हे भाषण गोड होईल पण खरे होणार नाही. बांबू विणणारे, माती मळणारे, लाकूड तासणारे हात आपल्या समाजात शतकानुशतके जातीने नेमून दिलेले होते. त्या हातांनी केलेल्या सुपात आपण धान्य पाखडले आणि त्याच हातांचा स्पर्श नाकारला. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’त ही गावरचना बारकाईने नोंदवली आहे. तेव्हा आपल्या मुलाने सुटीत एक वाकडी टोपली विणली म्हणजे आपण श्रमप्रतिष्ठेचे मानकरी झालो, असे मानण्याचे कारण नाही. उलट ती वाकडी टोपली विणताना मुलाची बोटे कामटीने कापतात, पाठ दुखते, आणि एका टोपलीला किती वेळ लागतो ते त्याला कळते. तेव्हाच बाजारात बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, हे त्याला उमगते. हातकामाचे हे सर्वांत मोठे फळ मी समजतो. आपल्या घरी शिकवायला त्या कारागिराला बोलवावे, त्याला गुरूचे आसन आणि कामाचा मोबदला दोन्ही द्यावेत. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकण्याची कल्पना मांडलेली आहे. कागदावरची ही चांगली गोष्ट प्रत्यक्षात उतरवायला शाळांइतकेच पालकही लागतील.

दुसरी खरी गोष्ट साहित्याच्या उपलब्धतेची. डिचोलीच्या डोंगरांनी दीर्घकाळ लोहखनिज दिले. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २०२४ साली डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर २०२२ सालच्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. या घडामोडींनी कुणाला रोजगार दिला, कुणाचे काय गेले, याचा हिशेब मांडायला मी उभा नाही. पण ज्या मुलाला कवंडळाचा वेल कुठे होतो हे ठाऊक आहे, तेच मूल तो वेल नाहीसा झाल्यावर विचारील. ज्याला तो ठाऊकच नाही, त्याच्यासाठी काहीच हरवलेले नसते. न कळता हरवणे हे सर्वांत वाईट.

आणि हरवण्यात आपलाही हात असतो. राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळी सजावटीची स्पर्धा भरते, तिने या कलेला मान मिळवून दिला, यात शंका नाही. परंतु वस्तूंची संख्या वाढवण्याच्या ईर्ष्येने कुणी अख्खा वेल मुळासकट ओढून आणला, तर ती गणपतीची सेवा कशी म्हणावी? सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आली, तेव्हा मखरासाठी नैसर्गिक वस्तूंकडे वळणे अपरिहार्यच आहे. वळताना रान ओरबाडले जाऊ नये म्हणून मुलाला तीन साधे नियम शिकवावेत. फळ घ्यावे, वेल घेऊ नये. जिथे एकच आहे तिथून काहीच घेऊ नये. आणि जे घेतले त्याचे बी परत द्यावे. विसर्जनानंतर माटोळी उतरवताना पिकलेल्या बिया वेगळ्या काढाव्यात आणि मुलाकडून परसाच्या कडेला, वईच्या बाजूने पेरून घ्याव्यात. काही उगवतील, काही उगवणार नाहीत. पण चार-पाच वर्षांत ज्या घराच्या वईवर माटोळीचे दोन-चार वेल चढतील, त्या घराला बाजारातल्या वाट्याची वाट पाहावी लागणार नाही.

सावधगिरीचा शब्दही हवा. कळलावी दिसायला सुंदर, पण ती सर्वांगाने विषारी आहे. ती मोठ्यांनीच हाताळावी आणि मुलाने तोंडाजवळ नेऊ नये. खाजकुयलीची ओळख लांबून करून द्यावी. ओल्या काजूबियांचा चीक कातडी भाजतो. कोयता मुलाच्या हाती द्यायचा तो आपला हात त्याच्या हातावर ठेवूनच. भीती घालू नये, ओळख करून द्यावी. रानाशी सभ्यपणे वागण्याचा तोच मार्ग आहे.

शेवटी या वाचनालयाकडे एक मागणे. पहिल्या शंभर वर्षांत आपण पुस्तके जमवली आणि जपली. दुसऱ्या शतकाच्या आरंभी येथे एक कपाट असेही असावे, ज्यात मुलांनी आणलेल्या बिया, वाळवलेली पाने, दोरांचे नमुने, एक हातभर झाप, एक हिराची केरसुणी असेल. प्रत्येक वस्तूखाली मुलाच्या अक्षरात एक चिठ्ठी: वस्तूचे नाव, गावातले नाव, कुठल्या महिन्यात मिळते, कशाला वापरतात आणि हे कुणी सांगितले. शेवटचा रकाना विसरू नये. तिथे एखाद्या आजीचे, मामांचे, शेजारच्या कुंभारकाकांचे नाव येईल, आणि ज्यांनी कधी पुस्तक लिहिले नाही, क्वचित वाचलेही नाही, ती माणसे या ग्रंथालयाच्या नोंदवहीत दाखल होतील. खर्च फारसा नाही. एक कपाट, थोड्या बरण्या आणि दर महिन्याची एक रविवारची सकाळ. या चिठ्ठ्या साठत गेल्या, तर काही वर्षांनी आपल्या दोन तालुक्यांचा एक छोटासा शब्दकोश मुलांच्या हातून तयार झालेला असेल.

येणाऱ्या चवथीपूर्वी घरातल्या मुलाला बरोबर घेऊन डोंगरावर एकदा जावे, एवढी विनंती पालकांना करतो. आणि मागच्या रांगेतल्या मित्रांनो, तुम्हाला सांगतो, परत येताना खिशात काय आणलेत ते इथे दाखवायला या. कपाटाचे पहिले फळकूट तुमच्यासाठी रिकामे ठेवायला मी पदाधिकाऱ्यांना विनवले आहे, आणि त्यांनी होकार दिला आहे.